महिनाअखेरीच्या आत

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळून अकरा दिवस झाले. दुकानात शिवणाची गर्दी होती असं लिहिणार होते, पण गर्दी नव्हती. पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडले: 'तो म्हणतो, महिनाअखेरीच्या आत नोंदणी करून टाकू.'

सरकारच्या सक्तीच्या युवा सेवेच्या वर्षात तुला नवरा मिळाला म्हणून आई हरखून गेलीय. तू डोंगरातल्या शाळेत शिकवायला गेलीस, सेवेतच शहरातल्या प्रयोगशाळेत नेमलेला तो पाण्याचे नमुने घ्यायला आला, आणि चार महिन्यांत लग्न ठरलंसुद्धा. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. सेवेत असताना लग्न केलं की जोडीदाराच्या गावी नेमणूक मिळते, हा नियम मला तुझ्याआधीपासून पाठ आहे. याला कुठून तरी सुटायचं असणार. तू पाठवलेल्या फोटोत मी त्याचे बूट बघितले, कॉलर बघितली, हसताना नजर कुठे आहे ते बघितलं. कपडा हातात आला की मी आधी उलटी बाजू बघते. माणसांचीही तशीच बघायची सवय लागलीय.

ती कशी लागली, ते तुला कधी सांगितलं नाही. तुझे भावोजी लांबच्या नोकरीवर आहेत असं आपल्या घरात सगळे धरून चालतात. मीच तसं सांगितलं होतं. तेही युवा सेवेतच होते, एका आडगावच्या गोदामावर. त्यांनीही मला 'महिनाअखेरीच्या आत' असंच म्हटलं होतं. नोंदणी झाली, बदली होऊन ते इथे आले, आणि सेवा संपल्याचा दाखला हातात पडला त्या दुपारी बॅग भरून निघून गेले. मी तेव्हा त्यांच्याच शर्टाला काजं करत होते. जाताना 'तू चांगली आहेस' एवढंच म्हणाले.

म्हणून बुधवारी तुला न सांगता मी प्रयोगशाळा गाठली. तो बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसला होता. मी ओळख सांगायच्या आत उठला आणि म्हणाला, "ताई ना तुम्ही? नाक अगदी तिच्यासारखंच आहे." गोड बोलतोय, सांभाळून राहा, असं मी स्वतःला बजावलं. चहाला नाही म्हटलं आणि सरळ विचारलं, "बदली कुठे मागितलीयस?" त्याने खणातून अर्जाची प्रत काढून समोर ठेवली. त्यात तुझं गाव होतं. शहरातली खुर्ची सोडून तो तिथला पंप सांभाळायला येणार होता. ती जागा या महिन्यातच भरायची, म्हणून घाई. "तिला इकडे ये म्हटलं होतं," तो म्हणाला, "तर म्हणाली, पोरं आत्ता कुठे वाचायला लागलीत." मग म्हणाला, "पण अर्ज अडकलाय, ताई. कुणीतरी निनावी पत्र पाठवलंय, लग्न खोटं आहे, बदलीसाठी आहे म्हणून. तिथे लग्नाचं फक्त मुख्याध्यापिकांना माहीत होतं. म्हणून तिने त्यांच्याशी बोलणंच टाकलंय."

ते पत्र मी लिहिलं होतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. त्याच्यासमोर माझं तोंड उघडलं नाही. गुरुवारी सेवा कार्यालयात जाऊन माझ्या नावानिशी तक्रार मागे घेतली. तिथल्या बाई म्हणाल्या, चौकशीचा कागद तरीही तुझ्याकडे येईल, लग्न खरं आहे म्हणून त्यावर तुझी सही लागेल. तो तुझ्या हातात पडायच्या आधी हे पोचावं म्हणून लिहितेय. त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास बसलाय असं खोटं लिहिणार नाही. कदाचित कधी बसणारही नाही. पण तो माझा दोष आहे, सही करताना तो मधे आणू नकोस. माझं नाव त्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मुख्याध्यापिकाबाईंना मात्र आजच जाऊन भेट. त्यांनी काही केलेलं नाही.

अजून तशी मानशील तर, तुझीच
ताई