सोळावं नाव

ता. ३ जून

चि. दादूस आत्याचे ओंजळभर आशीर्वाद, वि. वि.

तुझी बदली गाव-उभारणी योजनेच्या कचेरीत झाल्याचं वाचलं आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. सुताराला दोनदा ऐकवलं, कारण पहिल्यांदा तो रंधा मारत होता.

आता आमची बातमी ऐक. आपल्याला काय हवं ते गावानंच ठरवावं आणि आराखडा करून पाठवावा, असं तुझ्या त्या योजनेनं कळवलंय. गावसभेत सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चाळीस वर्षं आमची मापं घेतलीस, आता गावाचं घे, असं सुतार म्हणाला. म्हणून गेले पंधरा दिवस गळ्यात टेप घालून हिंडतेय. शाळेचं छप्पर मोजलं, पडवी मोजली, मास्तरांची रिकामी खोली मोजली. कपडे बेतायच्या खाकी कागदावर खडूनं अख्खं गाव बेतलंय.

सगळा जीव शाळेत आहे. छप्पर गळतंय. यंदा पैसे मिळाले नाहीत तर शाळा बंद करून मुलांना नऊ किलोमीटरवरच्या शाळेत धाडणार, आणि बस मनाला येईल तेव्हा येते. शाळा गेली की पोरंबाळं असलेली घरं जातील, आणि मग मी कुणाची मापं घेऊ? आराखडा उद्या टपालात टाकते. सूनबाईंना दवाखान्यात नर्सचं काम करताना फार दमू नकोस म्हणावं. टिकलीचा पुढचा दात पडला का?

तुझी,
आत्या

ता. १९ जून

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

तुझा आराखडा नेमका माझ्याच टेबलावर आला. खाकी कागद उलगडला तशी सगळी कचेरी भोवती जमली. पायऱ्यांची उंचीसुद्धा बोटांत लिहिलेली! आमच्या वरिष्ठ बाई सहसा कुणाला बरं म्हणत नाहीत, त्यांनी चष्मा पुसून पाहिला. ही माझी आत्या, असं मी छाती फुगवून सांगितलं.

मग शाळेची यादी उघडली. शाळेला निधी हवा तर गावात राहणारी निदान पंधरा मुलं लागतात. तू सोळा लिहिलीस. आत्या, मी त्याच गावात वाढलोय. तांबटाची दोन्ही पोरं दोन वर्षांपूर्वी शहरात गेली. गिरणीवाल्याच्या जुळ्या मुलीही गेल्या. आणि सोळावं नाव, वय वर्षं सहा, ते तर माझ्याच लेकीचं! ती या घडीला माझ्या घरी आरशापुढे बसून हलणारा दात मोजतेय.

मी यादी घेऊन बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. फाइल माझ्याकडून काढून त्यांनी स्वतःकडे घेतली, आणि तेच योग्य झालं. दुरुस्तीला गावाला महिन्याभराची मुदत आहे. डोळेझाक कर असं मला सांगू नकोस, मला ते जमणार नाही. रागावलीस तर रागाव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझा,
दादू

ता. २७ जून

चि. दादूस आ. वि. वि.

हो, रागावले. दिवसभर मशीनला हात लावला नाही. याच्या चड्डीची नाडी मी ओवायची आणि हा मला नियम शिकवणार, असं सुताराला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, पोरगं बरोबर आहे. मग त्याच्यावरही रागावले.

पण तुला खरं सांगते, लबाडी करतेय असं मला लिहिताना वाटलंच नव्हतं. ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या कुंभारदादांचा लग्नाचा कोट तुला ठाऊक आहे. तेव्हा मी नवी होते, हुशारीच्या भरात कोट अंगाबरोबर बेतला, आणि ऐन लग्नात तो पाठीवर टर्रकन फाटला. तेव्हापासून शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड दाबल्याशिवाय मी कात्री चालवत नाही. आज बारीक असलेलं माणूस उद्या भरतंच. गेलेली पोरं परत येतील, टिकली येईल, म्हणून गावालाही तशीच जागा ठेवली. कापडात चालतं ते सरकारी कागदात चालत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काल गावसभेत उभी राहिले आणि मी खोटी यादी दिली असं सांगून खरी अकरा नावं वाचली. सगळे चपला घालून घरी गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुझा अभिमान वाटतोय, हे मात्र दातओठ खाऊन लिहितेय. आता अकरावर शाळा संपलीच का रे?

आत्या

ता. ४ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. हिनंही वाचलं आणि डोळे पुसत हसली.

फाइल माझ्याकडे नाही, त्यामुळे कचेरीबाहेरच्या फळ्यावर जे सगळ्यांसाठी लावलंय तेवढंच कळवतो. चालत जाता येईल इतक्या जवळच्या दोन वस्त्यांना एकत्र आराखडा देता येतो, दोन्हीकडच्या सभांनी ठराव केला तर. मुलंही एकत्र मोजतात.

ओढ्यापलीकडच्या वाडीत शाळेच्या वयाची चार मुलं आहेत. ओढ्याला पाणी चढलं की ती घरीच बसतात. तिथलं कुणाच्या शब्दावर चालतं, हे तुला मी सांगायला नको. अडतीस वर्षं तुमचं बोलणं नाही आत्या. कोट फाटला तो फाटला.

तुझा,
दादू

ता. १५ जुलै

चि. दादूस आशीर्वाद, आणि टिकलीला दोन्ही गालांवर पापा.

गेले बाबा. चप्पल हातात घेऊन ओढा ओलांडला. कुंभारदादा चाकावर होते. त्यांनी मान वर केली नाही, मीही बसा म्हणायची वाट पाहिली नाही. म्हटलं, कोट फाटला ती चूक माझी होती. त्यांनी हात धुतले, आत गेले आणि कोट घेऊन आले! इतकी वर्षं जपून ठेवलेला. लग्नाच्या फोटोत त्यांचा एक हात मागे का आहे, तेही दाखवलं. म्हणाले, राग फाटल्याचा नव्हताच. तू नंतर एकदाही विचारायला आली नाहीस, त्याचा होता.

मी तिथंच बसून पाठ उसवली, मध्ये पट्टी घातली आणि शिवून दिला. तो अंगात घालूनच त्यांनी त्यांची सभा बोलावली. पण अट घातली की आधी ओढ्यावर साकव, मग छप्पर. पोरं ओढ्याअलीकडे पोचणारच नसतील तर तुझं छप्पर काय चाटायचंय, असं म्हणाले. आणि खरं होतं ते. गाव बेतताना ओढ्याच्या या काठाला माझा कागद संपला होता, पलीकडे बघायचं मला सुचलंच नाही.

मग टेपचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. नवा आराखडा पाठवलाय. साकव, छप्पर, आणि मास्तरांच्या रिकाम्या खोलीत दवाखाना. अकरा आणि चार, पंधरा. या वेळी दोन बोटं काय, दोऱ्याएवढीही जागा ठेवलेली नाही. एखादं घर उठून गेलं तर काय, ही धास्ती आहेच. रोज सकाळी पायरीवरून पोरं मोजते.

आत्या

ता. २ ऑक्टोबर

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

मंजूर! साकव, छप्पर, दवाखाना, तिन्ही!

वरिष्ठ बाई तपासणीला येऊन गेल्या ते तुला ठाऊकच आहे. तू त्यांना घरोघर नेलंस आणि पंधराही मुलं समोर उभी केलीस म्हणे. फाइलवर त्यांनी एकच ओळ लिहिली, 'सर्व मापे जागेवर बरोबर आढळली.' आणि आमच्याकडे तुझा खाकी कागद भिंतीवर लावलाय. नवीन येणाऱ्या माणसांना बाई तो दाखवतात, आराखडा असा करतात म्हणून. मी सगळ्या कचेरीला चहा पाजला. बाईंनी विचारलं, फाइल सोडताना वाईट वाटलं होतं का? म्हटलं, फार. पण आज मला मान वर करून सांगता येतंय की यात माझं काहीच नाही, सगळं माझ्या आत्याचं आहे.

तुझाच,
दादू

ता. १० मार्च

चि. दादूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुम्ही चार दिवस राहून गेलात आणि घर उगाच मोठं वाटायला लागलं. साकवावरून पहिल्यांदा चालायचा मान कुंभारदादांनी टिकलीला दिला, तो तिनं सगळ्यांना कितीदा सांगितला असेल! कोट बघितलास ना? अजून दहा वर्षं जाईल.

शाळेत दप्तरांच्या खुंट्या बसवताना मी सुताराला पंधरा सांगितल्या होत्या. पठ्ठ्यानं वीस ठोकल्या. मी जाम भडकले. तर म्हणतो, कागद तू खरा दिलास ना, मग भिंतीत माझ्या पदरचं लाकूड आहे, त्यात कचेरीनं पडू नये. मग मीच फडकं घेऊन वीसही खुंट्या पुसल्या.

दवाखान्याची खोली तयार आहे, पण नर्सच्या जागेला कुणी अर्ज केलेला नाही म्हणतात. एवढ्या आडगावी कोण येणार? सूनबाईंनी मात्र खोलीच्या खिडक्या उघडझाप करून पाहिल्या, उजेड छान आहे म्हणाल्या. बरं वाटलं.

आणखी एक. टिकलीचं दप्तर इथंच राहिलंय. पंधरा दप्तरांच्या पुढच्या खुंटीला अडकवलेलं सापडलं. विसरली असेल. टपालानं पाठवू का?

आत्या

ता. २ एप्रिल

ती. आत्यास आम्हा तिघांचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

दप्तर पाठवू नकोस. ती विसरली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, मी जागा धरलीय.

हिनं त्या नर्सच्या जागेसाठी गुपचूप अर्ज केला होता. ते खातं वेगळं, परीक्षा वेगळी. मलाही कालच कळलं. निवड झाली. जूनपासून दोघी तुझ्याकडे राहायला येतील. माझी बदली व्हायला वर्ष लागेल, तोवर दर शनिवारी मी येईन. कुंभारकाकांना सांग, साकवावरून चालायला मलाही शिकवा.

ती जुनी यादी अजून असेल तुझ्याकडे. सोळावं नाव पुन्हा लिही. या वेळी मी हरकत घेणार नाही.

तुझा,
दादू