मैत्रेयी कुणाच्या हातावर गप्प होते

यिशुन, सिंगापूर

सौ. सुचित्राताई विहीणबाई यांस संजीवनीचा मनापासून नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? व्याह्यांची नवी कवळी बसली, की अजून खिशातच असते? इकडे सगळे खुशाल. आपली नात तर इतकी खुशाल आहे की तिची खुशाली वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. फोनच केला असता, पण या फ्लॅटमध्ये फोन कायम स्पीकरवर असतो आणि मला लिहायचंय ते जावयाच्या कौतुकाचं. (जावयाचं कौतुक त्याच्या देखत करू नये, असं माझी आई म्हणायची. तिने अनुयाच्या बाबांचं त्यांच्या माघारीही केलं नाही.) म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे.

आमच्या डहाणूकर कॉलनीत कुणाचंही मूल किरकिरायला लागलं की माझ्याकडे आणून देतात, हे आपण जाणताच. मांडीवर घ्यायचं, थोपटायचं, की गप्प. त्याच भरवशावर मी इथे आले. तर मैत्रेयी माझ्या हातात आली रे आली की पाठीची कमान करते आणि टाहो फोडते. अंगाई म्हटली, बेंबीभोवती हिंग लावला, कुंची घातली, कुंची काढली, दृष्टही काढली. अनुया म्हणते, “आई, काही बाळं असतातच किरकिरी, तू मनाला लावून घेऊ नकोस.” मी अर्थातच मनाला लावून घेतलं. महिनाअखेर मी परत जाणार. त्याआधी ही पोर एकदा, फक्त एकदा, माझ्या हातावर शांत व्हावी, बाकी मला सिंगापूरचं काही बघायचं नाही.

मंगळवारी संध्याकाळी अनुया आंघोळीला गेली आणि मी राखून ठेवलेला उपाय काढला, तो म्हणजे धुरी. इथे निखारे कुठून आणणार? तव्यावरच ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं टाकली. धूर फर्मास झाला. आपल्या पिढीला तो बाळाचा शेक वाटतो, इथल्या छताला मात्र आग वाटते. छतावरचा पांढरा डबा असा किंचाळायला लागला की मैत्रेयी चक्क गप्प झाली. आपल्याहून मोठ्याने रडणारं कुणीतरी भेटलं म्हणून ती वर बघतच राहिली. शेजारचे चिनी काका दारात आले, “आंटी, ओपन विंडो लाह.” अनुया डोक्याला टॉवेल गुंडाळून धावली. डबा बंद झाला आणि मैत्रेयी दुप्पट जोराने सुरू झाली.

नेमका तेवढ्यात यशोधन जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने आला. दारात शेजारी, घरात धूर, सासूच्या हातात तवा. दुसरा एखादा जावई तोंडाने नाही तर भुवयांनी तरी बोलला असता. हा शेजाऱ्यांना म्हणाला, “सॉरी अंकल, माय कुकिंग.” (गळ्यात अजून ऑफिसचा पास लोंबत असताना त्याचा स्वयंपाक करपला, हे त्या भल्या माणसानेही मानून घेतलं.) मग त्याने खिडक्या उघडल्या, कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट बदलला आणि मैत्रेयीला डाव्या हातावर पालथी घेतली. पोट त्याच्या हातावर, गाल कोपराच्या खळगीत, पाय दोन्हीकडे लोंबते, मांजर फांदीवर झोपतं तशी. गाणं नाही, थोपटणं नाही. तो नुसता स्वयंपाकघर ते दार चालत राहिला आणि हळू आवाजात तिला दिवसभरातलं सांगत राहिला, कुठला पंप तापला, कुणाची बस चुकली. पोरगी ढेकर देऊन झोपली. मला तो एवढंच म्हणाला, “आई, चहा टाकू का?” विहीणबाई, त्या क्षणी मला आपला मुलगा फार आवडला.

कुठे शिकलास म्हणून विचारलं, तर म्हणाला, “धाकटी अश्लेषा रडायची तेव्हा आई तिला अशीच घ्यायची. एका हातावर ती, दुसऱ्या हाताने वरण ढवळायची. मी ओट्याशेजारी बसून बघायचो.” म्हणजे मी सुरुवात जावयाच्या कौतुकाने केली, पण ते सगळं आपल्याच पदरात पडलं. न शिकवता आपला मुलगा इतकं शिकला. मी अनुयाला एवढं शिकवलं, ते ती मोबाईलवर तपासून मग मानते.

व्याह्यांना नमस्कार, अश्लेषाला आशीर्वाद. लोभ आहेच, हे वाचून थोडा वाढला तर हरकत नाही.

आपली,
संजीवनी

ता. क. आपलं तिकीट नेमकं माझ्या परतीच्या दिवसाचं आहे. (दोन विहिणी एका फ्लॅटमध्ये नकोत, ही मुलांची योजना. त्यांना वाटतं, आपल्याला कळलेली नाही.) ते आठवडाभर अलीकडे घ्या आणि मला तसं धरायला शिकवा. जावयाकडून मूल धरायला शिकायची मला लाज वाटते, आपल्याकडून वाटणार नाही. आपण खोलीत झोपा, मी हॉलमध्ये गादी घालीन. मुलांना मात्र सांगा, ‘संजीवनीताईंची भेट व्हावी म्हणून लवकर आले.’

ता. क. २ वरचं लिहून झालं आणि दोघं नोव्हेनाच्या हॉस्पिटलात अनुयाच्या तपासणीसाठी गेली. मैत्रेयीने लगेच सूर लावला. बघायला कुणी नव्हतं, म्हणून मी तिला तशीच पालथी घेतली आणि फेऱ्या मारत आमच्या सोसायटीतलं पाण्याचं भांडण पहिल्यापासून सांगितलं. चेअरमनच्या राजीनाम्यापर्यंत यायच्या आत झोपली. अजून डाव्या हातावरच आहे, म्हणून कागद सरकतोय आणि अक्षर असं आलंय. तेव्हा आता शिकवायला यायची गरज उरलेली नाही. तिकीट मात्र अलीकडे घ्याच. अनुयाला सांगितलं तर म्हणेल, दमून झोपली असेल. आपण बघाल तर आपल्याला कळेल.