ती मतं कुठं जाणार

आबा, काल सकाळी ते लोक घरी आले होते. कुसगावच्या आमच्या फ्लॅटवर, खाली दोन पांढऱ्या गाड्या उभ्या करून. तुमच्या पक्षाचे. म्हणजे तो तुमचाच पक्ष राहिलाय का हेही मला नीट सांगता येत नाही, कारण तुम्ही गेल्यावर त्याचे तुकडे झाले, नेते इकडचे तिकडे गेले आणि ज्यांच्या विरोधात तुम्ही आयुष्यभर भिंती रंगवल्या त्यांच्यातलाच एक जण आता तुमच्या पक्षाचं उपरणं घालून माझ्या सोफ्यावर बसला होता. भिंतीवरचा तुमचा फोटो बघून त्याने हात जोडले. "आबा म्हंजे आमचं दैवत." मी म्हटलं, दैवताच्या जीपची हवा तुम्हीच सोडली होती ना एकदा? तो मनापासून हसला. "ताई, राजकारण असतंय ते." मग चहा घेतला आणि मुद्द्यावर आला. मी अमेरिकेत एवढ्या मोठ्या निवडणुकांचं काम केलंय, त्याला माझ्याकडून फार काही नको, फक्त डोंगरावरच्या वाडीवर एक चक्कर मारायची. "ती माणसं तुमच्या घराशिवाय कुणाचं ऐकत न्हाईत." मी म्हटलं, अहो, माझं इथं मतसुद्धा नाही, मी तिकडची नागरिक झालेय. तर म्हणतो कसा, "तुमचं मत कुणाला पायजे? चेहरा पायजे. आबांवर गेलाय तुमी."

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. सकाळी नवऱ्यावर ओरडले, दूधवाल्यावर ओरडले. राग त्या माणसावर आहे, पक्षावर आहे, अमेरिकेवर आहे, आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त तुमच्यावर आहे. तीर्थरूप, साष्टांग नमस्कार वगैरे काही लिहिलं नाही ते त्यामुळेच. आज ऐकून घ्या. जिवंतपणी तुमच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती.

टाकव्याच्या आपल्या घराच्या ओट्यावर पक्षाच्या सतरंज्यांची चळत असायची. आई म्हणायची, सवत आणून बसवलीय. सभा कुठेही असो, सतरंज्या टाकायला तुम्ही आणि उचलायलाही तुम्हीच. निवडणूक लागली की मात्र भिंती आणि सभा दोन्ही बाजूला ठेवून तुम्ही आधी डोंगरावरच्या ठाकरांच्या वाडीवर जायचात. मी कॉलेजला होते, तुमच्यामागून चढतेय, ओढा ओलांडताना चप्पल हातात घेतलीय, आणि तुम्ही पुढून सांगताय, "ध्यानात ठेव. ज्या घरचं पाणी प्यालो न्हाई त्या घरी मत मागायचं न्हाई. आन् पाणी प्यालो की परत जायचं. जितलो तरी जायचं, पडलो तरी जायचं." वाडीवर गेलात की कुडाच्या घरापुढे मांडी घालून बसायचात. पाणी यायचं, तुम्ही तांब्या वर धरून घटाघटा प्यायचात आणि मग बोलायला सुरुवात. गावातले बाकीचे कार्यकर्ते वाडीचं पाणी तोंडाला लावत नव्हते, खालूनच भोंगा लावून निघून जायचे. मला तुमचा केवढा अभिमान वाटायचा.

त्या वर्षी तुम्ही वाडीला साकव कबूल केला होता. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाडी तुटते, एवढासा पूल झाला असता तर बस झालं असतं. तुमचा माणूस निवडून आला, गुलालात तुम्हाला खांद्यावर घेतलं, आणि पुढच्याच पावसाळ्यात, वाडीवर जिच्या दारात तुम्ही पाणी प्यायचात त्या मावशीच्या सुनेला कळा सुरू झाल्या. झोळी करून आणली तिला, आणि ओढ्याच्या वाडीकडच्या काठावर पाणी उतरायची वाट बघत बसले सगळे. पोर तिथंच झालं आणि तिथंच गेलं. तुम्ही निवडून आलेल्या त्या साहेबाकडे गेलात. मी बाहेर पायरीवर बसले होते, मला आत सगळं ऐकू येत होतं. तुम्ही साकवाचं काढलंत आणि साहेब अगदी प्रेमानं म्हणाला, "आबा, तुमी असल्यावर वाडीची काळजी कशाला? ती मतं कुटं जात्यात?"

तुम्ही त्याच्या अंगावर धावून जाल असं मला वाटलं होतं. तुम्ही बाहेर आलात, चप्पल घातलीत आणि बसस्टँडकडे चालायला लागलात. आणि पुढच्या निवडणुकीला परत वाडीवर गेलात, आबा! त्याच माणसासाठी! मावशीनं तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "लाज न्हाई वाटत? कुटल्या तोंडानं आला?" सगळी वाडी गोळा झाली, मी मान वर करू शकत नव्हते. तुम्ही मुकाट्यानं ऐकत बसला होतात. शेवटी तीच थकली, आत गेली, आणि पाणी घेऊन आली. तुम्ही प्यायलात. वाडीनं मतं दिली. त्या दिवशी मला तुम्ही देवमाणूस वाटलात. आज मला दिसतंय ते वेगळंच. मला दिसतंय की साहेबाला साकव बांधायची गरज पडली नाही, कारण त्याच्याकडे तुम्ही होतात. तुमचा चांगुलपणा हीच त्याची रणनीती होती. शिव्या खायला फुकटचा माणूस मिळाल्यावर पूल कोण बांधतो?

आणि झेडपीचं तिकीट? सगळ्या मावळाला माहीत होतं की या वेळी आबांना मिळणार. आईनं तुमच्यासाठी नवीन धोतरजोडी काढून ठेवली होती. तिकीट मिळालं आदल्या आठवड्यात पलीकडच्या पक्षातून आलेल्या हॉटेलवाल्याला. त्याच्या सभेच्या सतरंज्या तुम्ही टाकल्यात, पहिला हारही तुम्ही घातलात. मी चिडून म्हटलं, सोडा हा पक्ष. तर तुम्ही माझ्यावरच कडाडलात, "पक्ष म्हंजे पायातली चप्पल हाय व्हय, चावली की दिली फेकून? गप ऱ्हा, तुला काय कळतंय!" तेव्हाही मला कळत होतं आणि आजही कळतंय. तुम्हालाच कळून घ्यायचं नव्हतं.

लग्न करून अमेरिकेला गेले ते हे सगळं सोडून जायचं म्हणून. तिथं असं नसणार. तिथं पक्षाचा उमेदवार साहेबाच्या बंगल्यावर ठरत नाही, लोक आधी मत देऊन ठरवतात, असं वाचलं होतं. तिथली नागरिक झाले, हातात मत आलं आणि लगेच निवडणुकीच्या कामाला लागले. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही केवढे हरखलात! "तितं पण दारात जात्यात व्हय मत मागायला?" मी म्हटलं, हो आबा, दारोदार. "मग पाणी पी हां." आणि मी येडी खरंच प्यायले. एका छोट्या गावात नेमलं होतं, गिरणी बंद पडलेली, अर्ध्या दुकानांना कुलपं. दार उघडलं की मी पाणी मागायची. लोक चक्रावायचे, पण द्यायचे, आणि एकदा पाणी दिलं की बसही म्हणायचे. संध्याकाळी ऑफिसातला साहेब ओरडायचा, "इतरांची गल्ली संपली, तू एकाच घरी काय करत होतीस?" पाणी पीत होते म्हटल्यावर सगळं ऑफिस हसलं.

तिथं एक म्हातारी होती, आपल्या मावशीएवढीच तिखट. तिच्या अंगणात आमच्या उमेदवाराची पाटी, आणि समोरच्या घरात तिचा सख्खा भाऊ, त्याच्या अंगणात दुसऱ्याची. पाट्यांपायी दोघं वर्षभर बोलत नव्हते. तिची नात गरोदर होती आणि गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद व्हायच्या बेतात होता. पुढचं हॉस्पिटल लांब, डोंगर ओलांडून, आणि तिथं हिवाळ्यात बर्फ. आबा, माझ्या डोळ्यांपुढे झोळी आली. मी तिला म्हटलं, आमचा उमेदवार यासाठी उभा राहील. नुसतं म्हटलं नाही, त्याच्याकडून भाषणात वदवून घेतलं. गाव टाळ्या वाजवत होतं, मी तुम्हाला फोन लावून त्या टाळ्या ऐकवल्या. आठवतंय? "लय भारी," म्हणालात. दोन-तीन महिन्यांत तुम्ही गेलात. तुमच्या दहाव्याला पक्षाचा टेम्पो आला. मला वाटलं माणसं आली. ते सतरंज्या न्यायला आले होते. आईनं एकेक मोजून दिली, झटकून दिली, आणि मी परत विमानात बसले.

परत गेले तर प्रचाराचा नकाशाच बदललेला. वरून सल्लागार आले होते, गुळगुळीत बोलणारे, कधी कुणाच्या दारात न गेलेले. त्यांनी आमचं गाव नकाशावरून पुसून टाकलं होतं. माणसं शहराजवळच्या बंगल्यांच्या वस्त्यांत हलवायची, तिथं मतं वळतात. भाषणातून दवाखाना काढायचा, बंगलेवाल्यांना तो नको असतो. मी म्हटलं, त्या गावाला शब्द दिलाय. सल्लागार अगदी प्रेमानं म्हणाला, "ते आपलेच आहेत. कुठं जाणार?" आबा, सात समुद्र ओलांडून मी त्याच पायरीवर येऊन बसले होते! आणि दुसरा पक्ष? त्यांच्या हिशेबात ते गाव हाताबाहेरचं, म्हणून तेही फिरकत नव्हते. एकाच्या खिशात, दुसऱ्याच्या कचऱ्यात, आणि त्यापायी म्हातारी सख्ख्या भावाशी बोलत नाही.

आम्ही पडलो. गावानं मतदानच केलं नाही फारसं. सल्लागार टीव्हीवर म्हणाला, या लोकांना स्वतःचं भलं कळत नाही. काही दिवसांनी तो आणि पलीकडच्या पक्षाचा सल्लागार एका हॉटेलात बिअर पीत खिदळताना दिसले. मी म्हातारीकडे परत गेले, कारण पाणी प्यायले होते. विभाग बंद झाला होता. ती म्हणाली, निवडणूक झाल्यावर कुणी आलंय असं पहिल्यांदाच घडतंय. तिनं मला मिठी मारली आणि मला तिच्यासमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी सोडली. पुढं नवऱ्याच्या कामामुळे इकडे परत आलो. अजून त्यांचे निरोप येतात, पुढच्या वेळी त्या गावाला परत जिंकायचंय, ये. जिंकायचंय म्हणे. गाव आहे का कुस्तीची गदा!

तर काल ते लोक गेल्यावर मी ठरवलं, वाडीवर जायचं आणि सांगायचं की आबांच्या नावावर कुणालाही मत देऊ नका. आज सकाळी गेले. ओढ्यात दोन खांब उभे आहेत, आबा. मागच्या निवडणुकीआधी त्याच सोफ्यावाल्यानं नारळ फोडला होता म्हणे. वर काही नाही, नुसते खांब, त्यांना वाळत घातलेली चादर बांधलेली. मावशी आहे अजून. डोळ्यांनी कमी दिसतं, तोंड तसंच. आवाजावरून ओळखलं. "आबाची पोर का तू? ये, बस." मी बसले आणि घडाघडा बोलून टाकलं, मत मागायला आले नाही, आबांच्या नावावर आता कुणाला मत देऊ नका, त्यांचा वापर झाला.

मावशी हसायलाच लागली. "तुज्या बापाच्या नावानं कोन देतंय? आमी काय येडे हाव? मत टाकलं काय न् न टाकलं काय, वड्याला पानी येतंच. तुजा बाप शिव्या खायाला यायचा म्हून द्यायचो. तोंडावर शिव्या द्याव्या असा दुसरा कोन व्हता? सायेब गाडीतनं उतरत न्हाई. तू गेलीस तिकडं. आमी बोलावं कुनाला?" आणि मग सुनेला हाक मारून म्हणाली, पानी आन.

तीच सून, आबा. ओढ्याकाठची. केस पिकलेत तिचे. तांब्या माझ्यापुढे धरून उभी होती. मी तुमच्यावर एवढी चिडलेली, तुमची ती रीतच मोडायची असं ठरवून गेलेली, आणि तिच्यासमोर मला नको म्हणता येईना. साहेब गाडीतनं उतरत नाही ना, मी म्हटलं, मग आपणच खाली त्यांच्या सभेला जाऊ. येता का? मावशी म्हणाली, "मला पाठकुळी घ्यावी लागंल." सून पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "म्या घीन."

उतरताना त्या सोफ्यावाल्याचा फोन आला. "काय म्हणते वाडी?" मी म्हटलं, तुमच्या सभेला येणार आहे, अख्खी वाडी, तुम्हाला भेटायला. खूश झाला. "या या, पुढच्या रांगेत बसवतो, सतरंज्या टाकून ठेवतो." त्याला बिचाऱ्याला माहीत नाही मावशीचं तोंड. मतं कोणाला द्यायची ते वाडी बघेल, मी त्यात नाही. पण शिव्या या वेळी ज्याच्या त्याला पोचतील, मधे आबा नाही आणि आबाची पोरही नाही.

हे सगळं लिहून तुम्हाला पाठवणार कुठं? तुमच्या फोटोमागे सरकवून ठेवीन, झालं. राग गेलेला नाही, गेला असं समजू नका. साकव झाला नाही तर मला परत वाडीवर जायला लागणार, आणि त्या वेळी मावशीच्या शिव्या मलाच खायला लागणार, कारण पाणी मी प्यायले. तुमच्यासारखंच, तांब्या वर धरून.