दोन्ही सारख्याच

दि. ९ मार्च, सोमवार

भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद. घ्यायचा तर घ्या, नाहीतर पाकिटातच राहू द्या. आम्ही बरे आहोत, तुम्ही आणि जाऊबाई बरे असाल असं धरून चालते. माझं अक्षर म्हणजे कावळा कागदावरून चालत गेल्यासारखं. चौथीत शाळा सुटली, त्यातून एवढंच हाती आलं, तेव्हा हसू नका. फोन केला असता, पण फोनशेजारी तुमचे दादा बसलेले असतात, आणि तुम्ही फोनवर ‘हं’च्या पुढे जात नाही.

तुम्ही पाठवलेली टेनिसची रॅकेट पोचली. यांच्या कोपराच्या दुखण्याचं मी जाऊबाईंकडे एकदाच रडले आणि खोकं दारात हजर. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण सुतळीची गाठ तुमची. यांनी बघताक्षणी ओळखली. खोकं पलंगाखाली ढकललं. मी बाहेर ओढलं. आठवडाभर हेच. हे ढकलायचे, मी ओढायची. फरशी तेवढी स्वच्छ झाली.

रॅकेट म्हणाल तर जुनीची सख्खी बहीण. तोच रंग, तेच डोकं, गळ्याशी एक पांढरी रेघ जास्त. काट्यावर घातली तर नवी हलकी भरली, पण कितीशी? एका बटाट्याची सालं होतील तेवढी. जाऊबाई म्हणाल्या होत्या, तेवढ्यानंच कोपराला बसणारा हादरा कमी होतो. मी तसं यांना सांगितलं.

“इतक्या वर्षांची सोबत अशी टाकून देतात होय?” हे म्हणाले.

“मला काय विचारता? मी अजून इथंच आहे.”

तरी पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी म्हटलं, डोळे मिटून ठरवा. दोन्हींना यांच्या क्लबातल्या तारवाल्याकडून सारख्याच तारा ओढून घेतल्या. मुठींना एकसारखी पट्टी मीच गुंडाळली, ते काम पहिल्यापासून माझंच. रंगावर आणि रेघांवर काळी चिकटपट्टी मारली. बुरख्यातल्या दोघी. दुपारी मेंबर लोक जेवून आडवे होतात, तेव्हा क्लबच्या मागच्या भिंतीशी यांना घेऊन गेले. हे भिंतीवर चेंडू मारणार, मी एकेक रॅकेट हातात देणार.

त्या दिवसापासून थकले आहे, भाऊजी. पाय नाही थकले. कसं सांगू ते कळत नाही, म्हणून आधी हवापाणी लिहून टाकते. इकडे ऊन चढलंय. पाण्याचा पंप बिघडला होता, दुरुस्त झाला. झालं हवापाणी.

तुम्हाला आठवत असेल, पूर्वी मूठ धरल्या धरल्या हे सांगायचे की तार ढिली आहे, की पट्टीचा एक वेढा जास्त झालाय. माझ्यावर ओरडायचे त्यावरून. मी जुनी दिली. दोन-चार चेंडू मारले आणि म्हणाले, “ही नवी. हलकी लागते.” मी पाठ फिरवली आणि तीच परत दिली. म्हणाले, “हां, ही आपली जुनी.” मग खरी नवी दिली. बराच वेळ मारत राहिले. घाम आला. शेवटी म्हणाले, “दोन्ही सारख्याच आहेत गं. उगाच खर्चात पडला तो.”

सारख्या नाहीत हो. मला अडाणी बाईलासुद्धा हातात घेतल्यावर कळतं.

मग रॅकेट परत घेतली तर पट्टीला रक्त. तळहातावर फोड येऊन फुटला होता आणि यांना पत्ता नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटतच नाहीत. तेव्हा मला एकेक उलगडलं. कप का पडतात. शर्टाच्या गुंड्या मला का लावायला सांगतात. मी मेली समजत होते, म्हातारपणी लाड चाललेत.

औषधाच्या दुकानातल्या बाईला आडून विचारलं. ती म्हणाली, नस दबली असेल, वेळेत दाखवलं तर हात वाचेल, नाहीतर बोटं वाळत जातील. यांच्यापुढे डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणतात, “कोपराला शेक दे, बास.”

क्लबात कुणाला कळत का नाही, असं तुम्हाला वाटेल. कळणार कसं? लग्न झालं तेव्हा तुम्हीच मला समजावलं होतं की मार्करचं काम काय. ज्या मेंबराला जोडीदार नाही त्याच्याशी खेळायचं आणि थोडक्यात हरायचं. फार हरलं तर तो चिडतो, जिंकलं तर जास्तच चिडतो. यांनी जन्मभर तेच केलं. आता खरोखर हरतात, रोज हरतात, आणि मेंबर पाठ थोपटून म्हणतात, “मास्तर हल्ली आम्हाला फार सांभाळून घेतात हो!” हे हसतात. ते हसू मला बघवत नाही.

आता जे लिहिते त्यावर पत्र फाडू नका. तुमचं आणि यांचं फाटलं तेही ह्या मुद्दाम हरण्यावरूनच. शेवटच्या खेळात तुम्ही जिंकलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, “दादा, मला मेंबरासारखी भीक घातलीस.” हे ‘नाही’ म्हणाले, तुम्ही ऐकलं नाही. मुद्दाम हरल्यावर हे घरी कसे येतात ते मला ठाऊक आहे. शीळ घालत येतात. त्या दिवशी ताट ढकललं, भिंतीकडे तोंड करून पडले, आणि आठवडाभर तुमचा तो उलट्या हाताचा फटका आरशासमोर करून बघत होते. तुम्ही खरेच जिंकला होतात. इतकी वर्षं फुकट रुसलात.

म्हणून सांगते, या. डॉक्टर घेऊन येऊ नका, समजूत घालायला तर मुळीच नको, त्यात मी नापास झाले. तुमची रॅकेट घेऊन या आणि यांना खेळायला उभं करा. जगात तुम्ही एकटेच, ज्याच्यासमोर हरले तर यांना ‘सांभाळून घेतलं’ म्हणता येणार नाही; तेव्हा ‘नाही’ म्हणून बसलेत ना. दयामाया दाखवू नका. धडधडीत हरवा. मग रॅकेट हातातून पडेल तेव्हा उचलायला मी असेन, आणि यांना दवाखान्यात न्यायला तुम्ही.

बुरखे मी दोन्हींचे तसेच ठेवलेत. यांच्या हातात कुठली द्यायची ते तुम्हीच ठरवा.

नवऱ्याचा पराभव मागणारी,
तुमची वहिनी