टाकणखाराचं उदाहरण

व्हिन्ह, बुधवार

आदरणीय लुआनदादा,

मामेबहिणीचा नमस्कार. तब्येत कशी आहे हे विचारत नाही. गेल्या फोनवर तुमचा रक्तदाब सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांसह ऐकला आहे. गोळी जेवणानंतर घ्यायची असते, बिअरनंतर नव्हे. वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांनी तुमच्या शब्दावर न जाता गोळ्या स्वतः मोजाव्यात हेही सांगा. मी ठणठणीत आहे. वजन तेवढं तीन किलोंनी वाढलं. ते का वाढलं, हेच सांगायला बसले आहे.

आमच्या वॉर्डातल्या महिला संघाची अध्यक्ष क्वेन (वय चाळीस, उत्साह फार, ऐकून घेण्याची सवय नाही) महिन्यापूर्वी घरी आली. "आजी, तुम्ही युद्धात रेडिओवर होतात ना? मग खोटी बातमी कशी बनते ते आमच्या बायकांना सांगा. फोनवर काहीही आलं की खरं मानतात." मी हो म्हटलं. आमचं काम कसं चालायचं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तुम्ही समोरच्या, दक्षिण व्हिएतनामच्या फौजेत आमचं केंद्र लावून ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसला होतात. (फक्त गाणी ऐकायचो, असं तुम्ही गेली पन्नास वर्षं सांगता. गाण्यांना मान डोलावत होतात की बातम्यांना, ते तुमचं तुम्हाला माहीत.) बायकांना मी सरळ सांगितलं की खोटं कधी एकटं बाहेर पाठवायचं नसतं. आम्ही आधी अमुक गावच्या घाटावरची नाव गळते, तमुक गावात भाताची लावणी उरकली, असं वाचायचो. सगळं खरं, तपासून घेतलेलं. शिपाई मान डोलवायचा. तिसऱ्यांदा मान डोलली की आमचं खोटं आत सरकवायचं. आणि दुसरा नियम असा, की शत्रूने काही पसरवलं तर ते नाकारायचं नाही, कारण नाकारताना ते आपल्यालाच पुन्हा बोलावं लागतं.

आता उदाहरणाशिवाय व्याख्यान म्हणजे बायकांना डुलकी. पहिल्या रांगेत थोआ बसली होती. गेल्या वर्षी आजोबांच्या श्राद्धाला आलात तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तुम्ही वामीचा रस्सा आणि तांदळाच्या शेवया ओरपल्यात, तीच ही थोआ. नवरा गेला, दोन नातींचं शिक्षण त्या एका पातेल्यावर चाललं आहे. मी म्हटलं, "समजा, मी असं सांगितलं, की गल्लीच्या तोंडाशी निळ्या टेबलांची जी गाडी आहे, जी पहाटे पाचला उघडते, जिच्याकडे रोज ताज्या वामी येतात, तिथे शेवया लवचीक राहाव्यात म्हणून सोनाराकडचा विषारी टाकणखार घालतात." सगळ्या हसल्या. थोआ सगळ्यांत जास्त हसली. एकीने ते फोनवर टिपलं आणि दुसरीने (कोण ते मला कळलं आहे, तिच्या सुनेनेच सांगितलं) आधीचं "समजा" कापून टाकलं. उरले अकरा सेकंद, माझ्या आवाजात. क्वेन वर मलाच म्हणते, "आजी, तुमचं बोलणं इतकं पटतं ना, की काय सांगू." काही सांगू नकोस, म्हटलं.

चौथ्या दिवशी नऊ वाजले तरी थोआचं पातेलं भरलेलं. पाचव्या दिवशी तिने वामी निम्म्याच घेतल्या. मला एक वाकडा शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, दुसरं काही नाही का सुचलं? देवळातून चपला चोरते म्हणाला असतात, तरी चाललं असतं."

मग मी सगळं ठाऊक असून मूर्खपणा केला. सकाळी सहाला, सगळा वॉर्ड दात घासत असताना, वॉर्डाच्या सरकारी भोंग्यावरून जाहीर केलं की थोआच्या शेवयांत टाकणखार नाही. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, "काहीच नसतं, तर सरकारी भोंग्यावर कशाला सांगितलं असतं, आजी?" असा एक न्हावी तेव्हा तुमच्या छावणीत असता, तर आम्हाला रेडिओ केंद्र उघडावंच लागलं नसतं.

आता रोज सकाळी छातीवर युद्धातलं पदक लावून मी तिच्या पुढच्याच टेबलावर बसते आणि दोन वाडगे मुकाट्याने खाते. तीन किलो ते हेच. या आठवड्यात अकरा गिऱ्हाइकं आली. त्यातली चार मी कधी पडते ते बघायला आली होती. महिनाअखेरपर्यंत गाडी सावरली नाही, तर पातेलं विकून नातींसह दक्षिणेला बहिणीकडे जायचं थोआने ठरवलं आहे. तिथल्या कारखान्यात काम मिळेल म्हणते. वय अठ्ठावन्न.

तेव्हा दादा, या वयात तरी फोनवर आलेलं काही न तपासता पुढे पाठवू नका. मुलांनाही बजावा.

तुमची,
हिएन

ता. क. ते अकरा सेकंद आपल्या घरच्या गटावर कुणी टाकले, ते मी पाहिलं आहे. खाली "आमची हिएन अखेर खरं बोलली" असंही लिहिलं आहे. आज काढा. एकेचाळीस नातेवाइकांनी विश्वास ठेवला, कारण साक्ष शत्रूपक्षाची, म्हणजे तुमची.

ता. क. २. यावरून सुचलं. माझं कुणी ऐकत नाही, मी शेजारीण पडले. पण दक्षिणेच्या फौजेतला म्हातारा शिपाई बोलला तर सगळे ऐकतील. सोबत अर्धं पान मजकूर जोडला आहे, तो फोनसमोर बसून वाचा. तुमचं नाव, वय, तुकडी, श्राद्धाला येणं, थोआकडे खाणं, सगळं खरं आहे. तो रस्सा खाल्ल्यापासून आठ दिवसांत तुमचा गुडघा बरा झाला, एवढं एकच वाक्य माझं आहे. तिथे हसू नका.

ता. क. ३. थोआला यातलं काही कळता कामा नये. तिला खोटं खपत नाही. वाचून झाल्यावर खुर्चीतून उठा आणि दारापर्यंत ताठ चालत जा. दुखलं तर ओरडा, पण वहिनींनी फोन बंद केल्यावर.