मित्सुएच्या खिळ्यावरची कात्री

मी, कादोवाकी सावानो, कै. कादोवाकी तोकुइची यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार दाइकोन बेट, आज दिनांक १८ फेब्रुवारी १९८६ रोजी हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. रोज असतेच असं नाही, म्हणून आज आहे तोवर लिहायला बसले. डॉक्टर म्हणतो, चेरी फुलेपर्यंत काढाल. आमचा बोतान, बागेतलं मोठ्या फुलांचं झुडूप, चेरीनंतर फुलतो, हे त्या शहरी पोराला कोण सांगणार!

साक्षीला शेजारीण आदाची हात्सुयो आणि निवृत्त पोस्टमास्तर इशिकुरा शेगडीपाशी बसले आहेत. हात्सुयो माझ्या मुळ्याच्या लोणच्याचा फडशा पाडते आहे. ते मी तिला लिहून दिलेलं नाही.

एक. राहतं घर माझी मुलगी यासुको, मुक्काम ओसाका, हिला मिळावं. छप्पर तीन ठिकाणी गळतं. चार वर्षांत ती आलेली नाही, त्यामुळे कुठे ते तिला माहीत नसेल. पहिल्या पावसात कळेल.

दोन. पोस्टातली शिल्लक माझ्या अंत्यविधीला लावावी. भटजींनी मंत्र आटोपते घ्यावेत, लोकांना थंडीत ताटकळवू नये. ज्या निळ्या फडक्यात रोपांचा गठ्ठा पाठीला बांधून मी तरुणपणी गावोगाव बोतान विकत फिरले, ते फडकं माझ्यासोबत ठेवावं. त्या वेळी बेटावरच्या सगळ्याच बायका फिरायच्या. पाय सुजायचे, पण कोणाच्या अंगणात आपलं झाड फुललेलं पाहिलं की सुजलेले पाय विसरायला व्हायचं.

तीन. बाग. बागेत माझ्या नवऱ्याने बी पेरून वाढवलेला असानागी नावाचा बोतान आहे. पांढरा, आत गळ्याशी द्राक्षाच्या रंगाचा. पहिलं फूल यायला नऊ वर्षं लागली. त्याची बाकीची रोपं पुराच्या वर्षी कुजली, आता हा एकच. गेल्या नोव्हेंबरात सून मित्सुए हिने तो शाकुयाकू, म्हणजे तशाच फुलांचं मऊ देठाचं झाड, समजून जमिनीलगत कापला. मुलगा कोहेई वारल्यावर ती सहा वर्षं माझ्याजवळ राहिली, हे खरं. पण कायद्याने सुनेला हक्क नाही आणि मीही देत नाही. बाग यासुकोला मिळावी.

चार. यासुको, तुला या बागेत मोटारी उभ्या करायच्या आहेत, मला माहीत आहे. निदान एप्रिलपर्यंत थांब. मी नसेन, आणि त्या थोटकातून काय उगवतं ते कोणीतरी पाहायला हवं, नाहीतर तुझ्या बापाचं नाव बुडालं. म्हणून लिहिते, नीट वाच.

शाकुयाकू ही मऊ देठाची. थंडीत वरचं सगळं वाळतं, ते शरदात जमिनीसरशी कापायचं. डोळे मातीत झोपतात आणि मार्चात लाल कोंब वर येतात. तिला पाणी भरपूर लागतं, फूल जड होतं म्हणून काठीचा आधार लागतो, आणि गड्डा विभागून लावला तरी ती रुसत नाही.

बोतान लाकडाचा. त्याची पानं गळतात, पण काड्या जिवंत असतात आणि पुढच्या वर्षाची कळी शरदातच काडीवर बसलेली असते. नोव्हेंबरात काडी कापली की वसंतच कापला. पाय ओले राहिले की तो कुजतो, जागा हलवली की वर्षानुवर्षं फुगून बसतो. हिवाळ्यात डोक्यावर पेंढ्याची टोपी आणि फूल गळल्यावर आभाराचं खत, हे चुकवायचं नाही. फुललास, थकलास, आता खा, म्हणून ते खत.

आता मुख्य गोष्ट. बेटावरचा प्रत्येक बोतान शाकुयाकूच्या मुळावर बांधलेला असतो, असानागीसुद्धा; बियाचं मूळ झाड पुरात गेलं, हे त्याचं कलम. त्यामुळे थोटकातून बोतानही फुटू शकतो आणि खालची शाकुयाकूही. पान पाहायचं. टोकाशी तीन ठिकाणी फाटलेलं, बदकाच्या पायासारखं, बिनचमकीचं पान आलं तर असानागी जगला. तेल चोपडल्यासारखं तुकतुकीत, न फाटलेलं पान आलं तर तो गेला. दोन्ही आली तर तुकतुकीत तेवढी मुळापासून खुडायची, नाहीतर ती बोतानला खाऊन टाकतात.

इथवर लिहून कागद साक्षीदारांना वाचायला दिला. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला. हात्सुयोने तिसरा मुद्दा दोनदा वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"मी ह्यावर सही करणार नाही, सावानो."

"का गं? लोणचं कमी पडलं?"

"त्या दिवशी मी बांधावर मुळे धूत होते. कात्री कोणाच्या हातात होती ते पाहिलंय मी."

"मग तीन महिने तोंडात काय धरून बसली होतीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. आज तर तू तिला कागदावर मारायला निघालीस."

पोस्टमास्तर उठून खिडकीबाहेरचा बर्फ पाहू लागले. भला माणूस आहे.

पाच. हे मी रडत लिहिते, अक्षर फिसकटलं तर चालवून घ्यावं. असानागी मी कापला. मी शाकुयाकूचा वाफा कापत होते. वाफा संपला ते मला कळलंच नाही, कुठे आहे तेही कळेना, हात मात्र चालत राहिला. टोपलीत ओली, हिरव्या गाभ्याची काडी दिसली तेव्हा भानावर आले. त्या काड्या मी चुलीत घातल्या. कात्री धुतली आणि माझ्या खिळ्याऐवजी मित्सुएच्या खिळ्यावर अडकवली.

तिनेच कापलं असं मी म्हणताच लोकांनी विश्वास ठेवला. नवी नवरी असताना मित्सुएने मला विचारलं होतं, "आई, ही दोन्ही झाडं एकच ना?" तो किस्सा मीच बेटभर हसत सांगितला होता. बारा वर्षांत ती माझ्यापेक्षा चांगलं कलम बांधायला लागली, ते मात्र कोणाला सांगितलं नाही.

ती म्हणाली, "आई, मी त्याला हातही लावला नाही."

मी म्हणाले, "आधी नवऱ्याला खाल्लंस, आता झाडालाही?"

 दुसऱ्या दिवशी ती माझे आठवड्याचे तांदूळ मोजून ठेवून, औषधाच्या पुड्यांवर वार लिहून योनागोला भावाकडे गेली. त्या पुड्या संपल्या. तिचं अक्षर आहे म्हणून कागद जपून ठेवले आहेत.

सहा. म्हणून बाग, कलमाचा सुरा आणि दोन्ही कात्र्या सून मित्सुए हिला मिळाव्यात. यासुको, तू माझी पोर आहेस, पण बाग मागू नकोस. हात जोडते.

पोस्टमास्तर म्हणाले, "आजी, मृत्युपत्र उघडायला महिने लागतात. एप्रिल निघून जाईल. फोन करा ना तिला."

तीनदा केला होता. तिचा आवाज आला की मी फोन ठेवून देते. म्हणून पाचव्या मुद्द्याची नक्कल, खाली हे पुढचे शब्द जोडून, करून दिली आहे. पोस्टमास्तर टोपी घालून आजच्याच टपालाने ती टाकणार आहेत. मित्सुए, ये गं. माझ्यासाठी नको येऊस, पान बघायला ये. तुझ्याशिवाय ते कोणाला ओळखू येणार नाही. आणि तुकतुकीत पान निघालं तरी उपटू नकोस. तीस वर्षं त्या मुळाने दुसऱ्याचं फूल पोसलं आणि डोकं वर काढलं की मी खुडलं. एकदा फुलू दे.

दुरुस्ती. तिसऱ्या मुद्द्यातले "सून मित्सुए हिने" हे तीन शब्द खोडून तिथे "मी" असं लिहिलं आहे. त्याच मुद्द्यातली शेवटची दोन वाक्यंही खोडली आहेत. शेजारी माझा शिक्का आहे. तो वाकडा उमटला, पण मन ठिकाणावर आहे. झाड कापताना ते ठिकाणावर नव्हतं. कात्री मित्सुएच्या खिळ्यावर अडकवताना मात्र पूर्ण ठिकाणावर होतं. साक्षीदारांनी हेही वाचून मगच सही करावी.

कादोवाकी सावानो (सही व शिक्का)

साक्षीदार: आदाची हात्सुयो (वाचून सही केली)
साक्षीदार: इशिकुरा शेगेओ, निवृत्त पोस्टमास्तर

स्थळ: दाइकोन बेट
दिनांक: १८ फेब्रुवारी १९८६