व्यत्यय कापू नये, या अटीवर

मी, खाली सही करणारी, दिवाणी कोर्टातील निवृत्त टंकलेखिका, अविवाहित, राहणार याच घरात, असे लिहून ठेवते की माझे डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून भुलवलेलेही नाही. प्रयत्न झाले, त्यांचा उल्लेख पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांची मात्र इतकी टाइप केली आहेत की कोणते वाक्य वाचून भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो, ते मला पाठ आहे.

कलम १. बँकेतील शिल्लक, आईच्या बांगड्या आणि शिवणयंत्र माझ्या भाचीला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. "मावशी, तू फार कटकटी आहेस," असे ती मला तोंडावर सांगते. बाकीचे नातेवाईक हेच जिन्यात सांगतात, त्यामुळे त्यांची नावे या कागदावर नाहीत.

कलम २. माझ्या चार लाकडी खुर्च्या. या खुर्च्या आमच्या स्थानिक इतिहास मंडळाने एका व्याख्यानापुरत्या नेल्या आणि परत दिल्या नाहीत. मध्यंतरी मंडळात गेले तर त्यांच्याभोवती दोरी बांधलेली आणि वर पाटी: 'जुन्या काळातील बैठक. कृपया बसू नये.' मी निवृत्त झाले तेव्हा कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याकडून घेतल्या होत्या त्या. सदर खुर्च्या मंडळाच्या खोलीखाली ज्यांची लाँड्री आहे त्या गृहस्थांना द्याव्यात. त्यांनी त्यांवर खुशाल बसावे.

कलम ३. माझे टंकलेखन यंत्र मंडळाच्या कार्यवाहांना. त्यांना सगळे पुरावाकाका म्हणतात, कारण कोणी "आज उकडतंय" म्हटले तरी ते "पुरावा काय?" असे विचारतात. यंत्राचा 'र' अडकतो. आता 'पुरावा' लिहिताना त्यांनाही थोडे कष्ट पडू देत.

कलम ४. घर. सदर घर, पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागचे अंगण, हे मी इतिहास मंडळाला देते. हे वाचून मंडळाच्या मंडळींना हायसे वाटेल. लाँड्रीच्या वाफेने त्यांचे फोटो पोपडे धरू लागले आहेत आणि मालक खोली खाली करा म्हणून मागे लागला आहे. घर मिळाले नाही तर मंडळ रस्त्यावर येईल, हे मला माहीत आहे. म्हणूनच देणगीला अट आहे. ती समजण्यासाठी थोडी हकिगत सांगणे भाग आहे.

मंडळातले सगळे बिनपगारी. एकही पैसा न घेता माणूस किती अडून बसू शकतो, ते मी तिथे पाहिले. पाण्याच्या टाकीला 'जुनी' म्हणावे की 'पुरातन', यावर लागोपाठ तीन बैठका झाल्या, आणि शेवटी टाकीच्या पाटीवर नुसते 'टाकी' असे लिहिले गेले. पण एक काम त्यांनी मनापासून केले. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेपवर घेतल्या. अध्यक्ष तेव्हा हेडमास्तर होते. ते पुढच्या खोलीत बसत, घरचा पुरुष खुर्चीत बसून बोलत असे आणि बायको आतून त्याच्या चुका दुरुस्त करत असे. जवळजवळ प्रत्येक टेपवर असेच आहे. "मी एकट्यानं विहीर खणली," असे हा म्हणतो, आणि आतून आवाज येतो, "पाटीभर माती तरी उचललीत का?"

निवृत्तीनंतर त्या टेपा टाइप करायचे काम माझ्याकडे आले. अध्यक्षांनी सांगितले, "ताई, आतून कोणी बोललं तर तिथे कंसात 'व्यत्यय' लिहा. आपल्याला मुलाखत हवी आहे, घरगुती भांडण नको." कोर्टात साक्षीदार जे बोलला ते लिहायची माझी सवय. इथे त्याने जे बोलायला हवे होते ते लिहायचे होते. मी जे ऐकू आले ते सगळे टाइप केले. मंडळाने त्यावर लाल पेन फिरवून कंस घातले आणि पुस्तक छापले. त्या पुस्तकात आमच्या वस्तीत बायका राहत होत्या याला पुरावा नाही, हे पुरावाकाकांच्याही लक्षात आलेले नाही.

त्यातच माझ्या वडिलांची टेप होती. आई-वडील दोघेही गेल्यावर ती माझ्यापुढे आली. बाबा वाचनालयाचे ग्रंथपाल. पुराच्या साली पाणी शिरले तेव्हा सगळी पुस्तके बचावली, म्हणून मंडळाच्या भिंतीवर बाबांच्या नावाची पाटी आहे. खाली काचेच्या पेटीत वाचनालयाची किल्ली, वर दिवा, शेजारी मजकूर: 'याच किल्लीने दार उघडून ग्रंथसंपदा वाचवली.' टेपवर बाबा म्हणतात, "मी तत्काळ धावलो." आणि आतून माझी आई म्हणते, "कुठे धावलात? तुम्ही किल्ली शोधत होता. खिडकी मी फोडली. पुस्तकं मी काढली, चादरीत बांधबांधून."

ती किल्ली पूर ओसरल्यावर बाबांच्या दुसऱ्या कोटात सापडली. मंडळ ज्या वस्तूला दिवा लावून बसले आहे, ती त्या दिवशी कोणाच्याही उपयोगाला आली नव्हती.

कलम ५. मूळ टेपा. मंडळाने नव्या प्रती करून घेतल्या, त्यात आतले आवाज साफ करवले आणि जागा नाही म्हणून मूळ टेपा टाकायला काढल्या. त्या मी घरी आणल्या. लोखंडी कपाटात आहेत. घराचे काहीही होवो, टेपांची मालक भाची राहील. मंडळाला त्या ऐकायला मिळतील, टाकायला मिळणार नाहीत. माझ्या आईचा आवाज जगात आणखी कुठेही उरलेला नाही. मला ती बोलताना ऐकायची असली की तो एक कंस ऐकावा लागतो. याचा मला राग येतो, आणि मेल्यावरही येत राहील अशी माझी व्यवस्था आहे.

कलम ६. अट अशी. भिंतीवरची पाटी बदलून त्यावर लिहावे: 'पुराच्या साली खिडकी फोडून पुस्तके काढली ती हिने.' खाली आईचे पूर्ण नाव. 'यांचाही मोलाचा वाटा' असला काही मजकूर पुरावाकाकांनी सुचवला होता, तो चालणार नाही. किल्ली ठेवायची तर ठेवा, पण ती कोटात सापडली हे लिहा. घराच्या उद्घाटनाला ही टेप कुठेही न कापता शेवटपर्यंत लावावी आणि ती संपेपर्यंत अध्यक्षांनी खुर्चीत बसून राहावे. यातले एक जरी चुकले तरी घर भाचीचे.

कलम ७. अध्यक्ष मागच्या आठवड्यात मला बघायला आले. सोबत संत्री होती. बरेच इकडचे तिकडचे झाल्यावर म्हणाले, "ताई, पाटी बदलू. टेपही लावू. फक्त माझं एक वाक्य तेवढं काढता येईल का? वयानं मी तेव्हा लहान होतो हो."

ते वाक्य असे. आईचे बोलणे संपते ना संपते तोच टेपवर हेडमास्तर म्हणतात, "वहिनी, जरा शांत राहता का? रेकॉर्डिंग चालू आहे."

सदर वाक्य काढू नये. त्याच्यापुढची टेपही काढू नये. पुढे टेपची अर्धी बाजू बाबा बोलत राहतात. आई काहीही बोलत नाही. आधी भांडी घासल्याचा आवाज येत होता, तोही थांबतो. कामसुद्धा आवाज न करता करायचे, असे तिने ठरवलेले दिसते. खिडकी फोडणारी बाई होती ती. हेडमास्तरांनी तिला एका वाक्यात गप्प केले आणि आता त्यांना ते वाक्यच पुसून हवे आहे. ती अर्धी बाजू अध्यक्षांनी सर्वांसमोर ऐकावी, एवढीच माझी इच्छा आहे. संत्री मी खाल्ली.

वरील मजकूर मी स्वतः, माझ्याच यंत्रावर टाइप केला असून वाचून पाहिला आहे. तो मला मान्य आहे. इतरांना मान्य नसल्यास आता उशीर झाला आहे.

ठिकाण: घरी, पुढची खोली.
दिनांक: ९ ऑक्टोबर.
मृत्युपत्र करणारीची सही.

साक्षीदार पहिले: माझे डॉक्टर. तपासून सांगतात की बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, जरा जास्तच.

साक्षीदार दुसऱ्या: अध्यक्षांच्या पत्नी. त्यांनी सगळा मजकूर वाचला, कलम सात दोनदा वाचले, आणि सहीच्या वर आपले म्हणणे लिहून घ्यावे असा आग्रह धरला. ते त्यांच्याच शब्दांत: "तो दिवस मला आठवतो. हे घरी आले, जेवायला बसले आणि म्हणाले, मुलाखत झकास झाली, बाई शहाणी आहे, आतून एक शब्द बोलली नाही."